एक गुडघा, तेरा नावं, एकोणीस औषधं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, वजन ४८ किलो. मधुमेह आणि बीपी आहे. हार्ट अटॅक, पक्षाघात कधी झालेला नाही, स्टेंट नाही. चार डॉक्टरांची औषधं चालू आहेत: फॅमिली डॉक्टर, हाडांचे, हार्टचे आणि न्यूरोलॉजिस्ट. रोज १६ गोळ्या आणि रविवारी व्हिटॅमिन डीची एक. महिन्याचं बिल ६,४०० रुपये. दोन महिन्यांत त्या बाथरूममध्ये दोनदा पडल्या. हात थरथरतात, चालणं मंदावलंय, संध्याकाळी असंबद्ध बोलतात, पहाटे घामाने भिजून उठतात. सोबत गोळ्यांची यादी, फाइलमधल्या चिठ्ठ्यांच्या तारखा आणि मागच्या महिन्याचे रिपोर्ट पाठवते. यजमान म्हणतात, डॉक्टरांनी दिलंय, आपण हात लावायचा नाही. नणंद म्हणतात, आठ दिवस सगळं बंद करून बघा. २० तारखेला न्यूरोलॉजिस्टकडे जायचंय, पार्किन्सनची गोळी सुरू करावी लागेल असं ते म्हणालेत. काय करू?" (स. म., मुलुंड)

ताई, नमस्कार.

तुम्ही यादीबरोबर तारखाही पाठवल्यात, त्यामुळे बरंच काही स्पष्ट दिसतंय. पण त्याआधी दोन गोष्टी. या २० तारखेपर्यंत थांबणाऱ्या नाहीत.

पहिली गोष्ट सोडियमची. मागच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये सोडियम १२८ आहे. ते १३५ ते १४५ हवं. या वयात सोडियम इतकं उतरलं की माणूस गोंधळतो, तोल जातो, पडतो. त्यांच्या यादीत सोडियम खाली आणणारी दोन नेहमीची औषधं एकत्र चालू आहेत. एक म्हणजे बीपीच्या 'थ्री-इन-वन' गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड (थायझाइड, लघवी वाढवणारं औषध) आणि दुसरं मनासाठी दिलेलं एस्सिटालोप्रॅम. उद्या सकाळी सोडियम-पोटॅशियम पुन्हा तपासून घ्या आणि रिपोर्ट हातात घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. मीठ-पाणी पाजून घरी दुरुस्ती करू नका. सोडियम फार झपाट्याने वर गेलं तर मेंदूला इजा होते. गुंगी वाढली, उलट्या झाल्या किंवा झटका आला तर वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.

दुसरी गोष्ट पहाटेच्या घामाची. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.३ आहे. हा आकडा पाहून घरात सगळ्यांना बरं वाटलं असेल. पण ग्लिमेपिराइड घेणाऱ्या ७८ वर्षांच्या बाईच्या रिपोर्टमध्ये ६.३ दिसले, की साखर मधूनमधून फार खाली जात असावी अशी शंका घ्यायची असते. वयस्कर आणि आधीच पडणाऱ्या माणसाला ७.५ ते ८ च्या आसपास ठेवलं तरी चालतं, अनेकदा तेच सुरक्षित असतं. आजपासून तीन रात्री पहाटे ३ वाजता ग्लुकोमीटरने साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, मग पोळीचा तुकडा किंवा दूध-बिस्किट द्या. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी दुपारपर्यंत दोन-तीनदा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही. त्यांची गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी जोडगोळी आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, "नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं तर चालेल का?"

आता यादी. स्ट्रिपवरची नावं १३, आतली औषधं मोजली तर १९, आणि त्यांतलं अ‍ॅम्लोडिपिन दोन वेगळ्या नावांनी दोनदा. हे कसं झालं ते तुमच्याच तारखा सांगतात.

२०१२ पासून त्या फक्त बीपीची टेल्मिसार्टन आणि मधुमेहाची गोळी घेत होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये गुडघा दुखू लागला, हाडांच्या डॉक्टरांनी एसेक्लोफेनॅक दिवसातून दोनदा दिलं आणि पोटाला त्रास नको म्हणून सोबत 'गॅसची' कॅप्सूल. एसेक्लोफेनॅकच्या घराण्यातली सगळी वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, किडनीचा रक्तपुरवठा आवळतात आणि बीपी वाढवतात. डिसेंबर २०२१ मध्ये बीपी १६६/९० निघालं आणि अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. बीपी वाढण्याच्या चार महिने आधी गुडघ्याची गोळी सुरू झाली होती, हे त्या दिवशी कुणाच्या समोर नव्हतं, कारण ती चिठ्ठी दुसऱ्या दवाखान्याची होती. मार्च २०२२ मध्ये हार्टच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टनच्या जागी थ्री-इन-वन दिली. त्यात अ‍ॅम्लोडिपिन आहेच, पण आधीची सुटी गोळी बंद करायला कुणी सांगितलं नाही आणि केमिस्ट दर महिन्याला दोन्ही घरपोच देत राहिला. जुलै २०२२ मध्ये घोट्यांना सूज आली. अ‍ॅम्लोडिपिनचा हा नेहमीचा परिणाम आहे. डोस दुप्पट झाला की सूजही वाढते. ती पायांतल्या बारीक धमन्या सैल पडल्यामुळे येते, अंगात पाणी जास्त झाल्यामुळे नव्हे. म्हणून लघवीच्या गोळीने ती नीट जात नाही. तरी फ्युरोसेमाइड सुरू झालं. मग रात्री चार-चार वेळा उठणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या अंधारीला 'चक्कर' म्हटलं गेलं आणि सिनारिझिन दिवसातून तीनदा चालू झालं. आता थरथर आणि मंद चाल. सिनारिझिन मेंदूतल्या डोपामिनच्या (हालचाल सांभाळणाऱ्या रसायनाच्या) कामात अडथळा आणतं आणि वयस्कर माणसात हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं उभी करू शकतं.

दुसरी साखळी त्याच गुडघ्यातून निघते. गॅसच्या कॅप्सूलमधलं पँटोप्राझोल पोटातलं अ‍ॅसिड कमी करतं, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला ते अ‍ॅसिड लागतं. मेटफॉर्मिनही बी-१२ चं शोषण घटवतं. सासूबाई शाकाहारी आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मुळात साठा कमीच. दीड वर्षाने, २०२३ मध्ये, तळपायाला मुंग्या आल्या आणि प्रीगॅबालिन-मिथाइलकोबालमिन (यातलं दुसरं म्हणजे बी-१२) आलं. मधुमेहानेही मुंग्या येतात, म्हणून कारण एकच आहे असं म्हणता येणार नाही. पण बी-१२ आधी तपासलं होतं का, हे फाइलमध्ये शोधा. आता तपासून उपयोग नाही. गोळीतच बी-१२ असल्यामुळे रिपोर्ट चांगलाच येईल. प्रीगॅबालिनने झोप, तोल जाणं आणि पायांना सूज हे तिन्ही होतं. २०२४ मध्ये झोप लागत नाही, मन खिन्न आहे म्हणून एस्सिटालोप्रॅम-क्लोनाझेपॅमची जोडगोळी मिळाली. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्या माणसाला झोप कुठून येणार, हा प्रश्न त्या दिवशी विचारायला हवा होता.

याला इंग्रजीत वेगळं नाव आहे, पण घरात ओळखायची खूण सोपी आहे: एका गोळीचा परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरी गोळी येते. इथे प्रत्येक डॉक्टरांनी आपल्यासमोरच्या तक्रारीवर सरळ औषध दिलं. अख्खी यादी एकाही टेबलावर आली नाही. दोष तिथे आहे. वयस्कर माणसांना कोणती औषधं शक्यतो टाळावीत याच्या याद्या जगात आहेत. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये केलेली यादी आज तिथली जेरियाट्रिक्स (वृद्धांच्या आरोग्याची) सोसायटी अद्ययावत ठेवते, २०२३ मध्येही तिची नवी आवृत्ती आली. आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' अशी जोडयादी केली: काय थांबवावं आणि काय राहून गेलंय. सासूबाईंच्या औषधांपैकी ग्लिमेपिराइड, क्लोनाझेपॅम, रोजचं एसेक्लोफेनॅक, कारण नसताना आठ आठवड्यांपुढे चालू ठेवलेलं पँटोप्राझोल आणि हृदयविकार नसताना दिलेलं अ‍ॅस्पिरिन ही सगळी या याद्यांमध्ये सापडतात.

किडनीचं गणितही घालून बघा, कारण रिपोर्टमधलं १.१ क्रिएटिनिन फसवं आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, आणि ४८ किलोच्या वृद्ध बाईकडे स्नायूच थोडे. १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणा. १४० वजा ७८ म्हणजे ६२, गुणिले ४८ म्हणजे २९७६. भागिले ७९.२ म्हणजे साधारण ३७.६, आणि गुणिले ०.८५ म्हणजे ३२. म्हणजे किडनी मिनिटाला साधारण ३२ मिलिलीटर रक्त गाळते. तरुण माणसात हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे किडनीतून बाहेर पडणारं प्रत्येक औषध त्यांच्या अंगात जास्त वेळ राहतं. प्रीगॅबालिनचा डोस अशा किडनीला निम्मा लागतो, मेटफॉर्मिन आजच्या १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, एसेक्लोफेनॅक हे तिघं एकत्र म्हणजे किडनीवर तिहेरी मारा. जुलाब-उलट्या झाल्या, ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी कमी पडलं, की अशा माणसाची किडनी दोन-तीन दिवसांत बसू शकते. हा ३२ आकडा कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

आता नणंदबाईंच्या सूचनेबद्दल. सगळं एकदम बंद करू नका. क्लोनाझेपॅम अचानक तोडलं तर झोप पूर्ण उडते, भ्रम होतो, फिट येऊ शकते. बीपी आणि साखर दोन्ही उसळतील. आणि आठ दिवसांनी बरं किंवा वाईट वाटलं, तरी कोणत्या गोळीमुळे ते कळणार नाही. यजमानांची काळजी मला रास्त वाटते, पण त्यांना सांगा की आपण डॉक्टरांच्या विरुद्ध काही करत नाही. त्यांच्यापुढे कधीच न आलेली माहिती आपण त्यांच्यापुढे ठेवतोय.

थांबवण्याचा क्रम महत्त्वाचा असतो, आणि बहुतेक घरांत चूक इथेच होते. लोक आधी गॅसची गोळी सोडतात, कारण ती निरुपद्रवी वाटते. सासूबाईंच्या बाबतीत आज ती सोडणं धोक्याचं आहे. अ‍ॅस्पिरिन, एसेक्लोफेनॅक आणि एस्सिटालोप्रॅम ही तिन्ही जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढवतात आणि तिथे पँटोप्राझोल ढालीचं काम करतंय. आधी एसेक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन जायला हवं, मग ढाल. मात्र त्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलबरोबर ३० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन हे मळमळीचं औषधही आहे, तेवढं लगेच काढता येतं. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्येच सांगितलंय की डोम्पेरिडोन एका वेळी १० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त एक आठवडा द्यावं, आणि हृदयाची लय बिघडवणाऱ्या इतर औषधांबरोबर देऊ नये. एस्सिटालोप्रॅम त्यांतलंच आहे. लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलं तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांकडे गेल्यावर एक ईसीजी काढून घ्या आणि कॅप्सूलच्या जागी नुसतं पँटोप्राझोल मागा.

बीपीच्या बाबतीत एकाच बदलाने दोन चुका सुटतात. थ्री-इन-वन बंद करून नुसतं टेल्मिसार्टन ४० आणि घरात आहेच ती सुटी अ‍ॅम्लोडिपिन ५ ठेवली, तर थायझाइडही गेलं आणि दुप्पट अ‍ॅम्लोडिपिनही गेलं. हे डॉक्टरांना सुचवा. निर्णय त्यांचा. त्याच भेटीत एसेक्लोफेनॅक थांबवायचं बोला. सूज कमी होऊ लागली की दोनेक आठवड्यांनी फ्युरोसेमाइडचा प्रश्न. पण त्याआधी त्यांचा २डी इको कधी झालाय का आणि हृदयाची पंपिंग क्षमता किती आहे, हे विचारा. हृदय अशक्त असेल तर ती गोळी लागते आणि मग हात लावायचा नाही.

अ‍ॅस्पिरिन ७५ बद्दल. हार्ट अटॅक, पक्षाघात, स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना ते आवश्यक असतं आणि त्यांनी हे वाचून एक दिवसही चुकवू नये. पण सासूबाईंना यांतलं काहीच झालेलं नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ निरोगी वृद्धांवर झालेल्या 'अ‍ॅस्प्री' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. अशा लोकांना रोजच्या अ‍ॅस्पिरिनने जास्त काळ धडधाकट जगायला मदत झाली नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. ज्या माणसाला पडायची भीती आहे, त्याच्या डोक्याला मार लागला तर हे रक्त पातळ असणं जास्तच महागात पडतं. हार्टच्या डॉक्टरांना विचारा: "ही कोणत्या कारणासाठी चालू आहे?"

क्लोनाझेपॅमला सगळ्यात जास्त धीर लागतो. ते अंगातून निम्मं बाहेर पडायलाच ३० ते ४० तास घेतं, म्हणून रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही पायांत असते. शिवाय ते एस्सिटालोप्रॅमबरोबर एकाच गोळीत आहे, त्यामुळे एकाला कमी करता येत नाही. आधी दोन्ही सुटी करून मागा. मग ०.५ वरून साधारण चतुर्थांश कमी करत यायचं: दोन आठवडे ०.३७५ (०.२५ ची एक आणि तिचीच अर्धी), पुढचे दोन आठवडे ०.२५, पुढे दोन आठवडे ०.१२५, मग एक दिवस आड करून बंद. मध्येच झोप फार बिघडली तर त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे थांबा, मागे जाऊ नका. सोडियमचं पाहून एस्सिटालोप्रॅमचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. तेही एकदम तोडायचं औषध नाही. अ‍ॅम्लोडिपिन आणि फ्युरोसेमाइड सुधारले, रात्रीचं उठणं कमी झालं, की झोपेची निम्मी तक्रार आपोआप हलकी होईल असा माझा अंदाज आहे.

राहिलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. आठवड्याला ६०,००० युनिटची गोळी सहसा आठ आठवड्यांचा कोर्स असतो. तुमच्याकडे ती तीन वर्षं चालू आहे, कारण चिठ्ठीवर शेवटची तारीख नव्हती. सोबत कॅल्शियम, आणि लघवीतून कॅल्शियम बाहेर पडू न देणारं थायझाइड. रक्तातलं कॅल्शियम वाढलं तरी माणूस गोंधळतो, बद्धकोष्ठ होतो, तहान लागते. सोडियमच्या रक्ताबरोबरच कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासायला द्या. या चार-पाच चाचण्या पुरेत. 'फुल बॉडी पॅकेज' घेऊ नका, त्यातले निम्मे आकडे आणखी एखादी गोळी घेऊन येतात.

डॉक्टरांकडे जायची तयारी अशी करा. एका पिशवीत घरातलं सगळं भरा, नुसत्या चालू गोळ्या नव्हेत: डोळ्यांचे थेंब, सर्दीची गोळी, बाम, काढा, कुणी गावाहून आणलेली सांधेदुखीची पुडी. डोळ्यातल्या टिमोलॉलच्या थेंबांनी नाडी मंदावते. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन वृद्धांना गोंधळवतं आणि लघवी अडवतं. काढ्यात ज्येष्ठमध जास्त असेल तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. विनानावाच्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं. मग एका कागदावर पाच रकाने आखा: स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव, डोस, कधीपासून, कोणी दिलं, कशासाठी. ब्रँडचं नाव कंसात. 'कशासाठी' हा रकाना रिकामा राहील तिथे डॉक्टरांचं बोट आपोआप थांबेल.

आठवडाभराची मोजमापंही सोबत हवीत. बीपी फक्त बसून घेऊ नका. पाच मिनिटं आडवं झोपवून घ्या, उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या, कुणीतरी शेजारी उभं राहून. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्यांची चक्कर बहुधा कानाची नाही, बीपीच्या गोळ्यांची आहे, आणि सिनारिझिनने ती बरी होणार नव्हती. पुढे गोळ्या कमी होत असताना वरचा आकडा १४० च्या आसपास राहिला तरी घाबरू नका. दोन-तीन दिवस सलग १६० च्या वर राहिला तर कळवा.

चार डॉक्टरांपैकी एकाच्या हाती यादी द्या. बाकी तिघं सुचवतील, पण बदल त्या एकाकडून होईल. फॅमिली डॉक्टर एम.डी. मेडिसिन असतील तर उत्तमच. त्यांच्याकडे गर्दीच्या वेळी न जाता फोन करून सांगा, "फक्त औषधांची यादी तपासायची आहे, वीस मिनिटं द्याल का, फी वेगळी घ्या." मुंबईत वृद्धांसाठी सरकारी सोयही आहे: भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय हे केंद्राच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमातलं विभागीय केंद्र आहे. मुलुंडहून जवळ हवं असेल तर सायनच्या पालिका रुग्णालयात मेडिसिन ओपीडीचा केसपेपर काढा, सकाळी लवकर. एखाद्या औषधाने अपाय झाला असं वाटलं तर त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर करता येते. रुग्णाचे नातेवाईकही करू शकतात.

डॉक्टरांशी बोलताना "नेटवर वाचलं" असं सुरू करू नका. "आई दोनदा पडल्या, सोडियम १२८ आहे, यातली कोणती गोळी कारण असेल?" असं विचारा. या प्रश्नाला कोणताही चांगला डॉक्टर कागद जवळ ओढतो. आणि थांबवलेल्या गोळीवर त्यांच्याकडून काट मारून, तारीख आणि सही घ्या. त्या कागदाचा फोटो केमिस्टला पाठवा. नाहीतर तो जुन्या बिलावरून पुढच्या महिन्याची पिशवी भरून पाठवेलच. कधी ब्रँड बदलून आला तर दोन्ही स्ट्रिपची मागची बाजू शेजारी धरून वाचा. एकच औषध दोन रंगांत आलं आणि दोन्ही खाल्लं गेलं, असं वारंवार घडतं.

बिलाबद्दल. महिन्याला ६,४०० म्हणजे वर्षाला ७६,८०० रुपये. त्यांतलं जे खरंच हवं, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), ती औषधं सरकारच्या किंमत नियंत्रणात आहेत आणि तशी स्वस्त आहेत. ती जनऔषधी केंद्रातून घेतलीत तर आणखी खाली येतील. सरकारच्या सांगण्यानुसार तिथल्या किमती ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के कमी असतात. पैसा खातात ती जोडगोळ्या आणि व्हिटॅमिनची मिश्रणं. यातली बरीच नियंत्रणाबाहेर आहेत आणि त्यांची किंमत दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहे. पण फक्त बिल कमी करायला म्हणून स्वस्त दुकान शोधू नका. नको असलेली गोळी निम्म्या किमतीत आणली तरी ती नको असलेलीच असते. खरा खर्च पडून खुब्याचं हाड मोडण्याचा आहे: ऑपरेशन, इम्प्लांट, मग दिवस-रात्रीच्या बाया, आणि घरातल्या कुणाची तरी नोकरी. ते टाळणं हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू. म्हणून फक्त कमी करू नका. दोनदा पडल्यावर हाडांची घनता तपासून घ्या, ठिसूळ असतील तर त्याचं औषध त्यांना लागेल. बी-१२ ही राहू द्या, तेवढी स्वस्त सुटी गोळी मिळते.

गुडघ्याला पर्याय दिल्याशिवाय एसेक्लोफेनॅक टिकून बंद होणार नाही. पॅरासिटामॉल ५०० दिवसातून तीनदा, ४८ किलोला २ ग्रॅमच्या पुढे नको, आणि सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल त्यात धरा. डायक्लोफेनॅक जेल दिवसातून तीन-चार वेळा, हलक्या हाताने चोळायचं, जोरात रगडायचं नाही. त्यातलं रक्तात फार थोडं जातं. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. कमोडची सीट उंच करून भिंतीला हँडल. प्लंबर अर्ध्या दिवसात बसवतो.

आता २० तारखेबद्दल. अपॉइंटमेंट रद्द करू नका, पण पार्किन्सनची गोळी सुरू होण्याआधी न्यूरोलॉजिस्टना दोन तारखा शेजारी लिहून दाखवा: सिनारिझिन कधी सुरू झालं, आणि थरथर पहिल्यांदा कधी दिसली. ते थांबवून वाट पाहू या का, असं विचारा. औषधाने आलेली थरथर एका आठवड्यात जात नाही. कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि त्या काळात महिन्यातून एकदा चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. तोच जिना, तीच चप्पल, म्हणजे तुलना करता येईल. काही महिन्यांनीही थरथर तशीच राहिली, विशेषतः एकाच बाजूला जास्त असेल, तर मूळचा पार्किन्सन असू शकतो आणि तेव्हा गोळी सुरू करायला कचरू नका.